फोटोतली ती अनोळखी रेघ कोणाची? आधी ठिकाण शोधा, मग नाव

इंदूरजवळ जानापावच्या टेकडीवर किंवा चोरलच्या बाजूला रात्रभर ट्रायपॉड लावला आणि घरी येऊन फोटो मोठ्या स्क्रीनवर उघडले, की काहीतरी न बोलावलेलं सापडतंच. कुठे रेघ असते, कुठे ठिपका, कुठे हिरवट डाग. मग तो फोटो व्हॉट्सॲपवर फिरतो, कोणी ‘यूएफओ’ म्हणतं, कोणी ‘अहो, उपग्रह असणार’ म्हणून विषय संपवतं. दोन्ही उत्तरं आळशी आहेत. इंदूरच्या गच्चीवरून साध्या डीएसएलआरने काढलेल्या फोटोतही बहुतेक पाहुण्यांची ओळख पुराव्यानिशी पटवता येते. फक्त तपासाचा क्रम चुकू द्यायचा नाही.

‘हे काय आहे?’ हा प्रश्न सुरुवातीला बाजूला ठेवा. ‘हे कुठे आहे?’ असं विचारा. कॅमेऱ्याच्या आत आहे, हवेत आहे, पृथ्वीभोवतीच्या कक्षेत आहे, की त्याही पलीकडे? जवळून सुरुवात करायची आणि एकेक ठिकाण बाद करत दूर जायचं. लघुग्रह सापडल्याचा आनंद बहुतेक वेळा कॅमेऱ्याच्या सेन्सरवरच विरतो, आणि ते जितक्या लवकर कळेल तितकं बरं.

निघण्याआधी

तपासातला सर्वांत महत्त्वाचा पुरावा म्हणजे वेळ, आणि कॅमेऱ्याचं घड्याळ हे घरातलं सगळ्यांत बेभरवशाचं घड्याळ असतं. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक माथ्यावरून जाताना सेकंदाला साधारण एक अंश सरकतं. म्हणजे घड्याळ अर्धा मिनिट चुकलं तर स्थानकाची जागा तीस अंशांनी चुकली. उपाय सोपा आहे. मोबाइलची वेळ नेटवर्कवरून घेतली जाते, म्हणून सेकंद दाखवणारं घड्याळ मोबाइलच्या स्क्रीनवर उघडा आणि कॅमेऱ्याने त्याचा एक फोटो घ्या. सुरुवातीला एक आणि सामान आवरताना एक. घरी आल्यावर फोटोच्या फाइलमधली वेळ आणि स्क्रीनवर दिसणारी वेळ यांतला फरक काढून तो टिपून ठेवा.

बाकीचं थोडक्यात. फोटो ‘रॉ’मध्येच, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्येच घ्या. एका लांबलचक फ्रेमऐवजी लागोपाठ अनेक फ्रेम घ्या, मधलं अंतर सेकंदभराचं ठेवा. कॅमेऱ्यातलं ‘लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन’ बंद ठेवा, कारण ते प्रत्येक फ्रेमनंतर तितकाच वेळ कॅमेरा अडकवून ठेवतं आणि नेमका पाहुणा त्या खिंडीतून निसटतो. त्याऐवजी शेवटी लेन्सला झाकण लावून तेवढ्याच एक्स्पोजरच्या काही ‘डार्क’ फ्रेम वेगळ्या काढा.

मोबाइलचा नाइट मोड वापरत असाल तर एक ध्यानात ठेवा. तो अनेक फ्रेम आपल्या मनाने जोडतो, तारे जागेवर बसवतो आणि अखंड रेघ तुकड्यातुकड्यांची करून टाकतो. अशा फोटोवरून ‘वस्तू थांबून थांबून जात होती’ असा निष्कर्ष काढू नये.

आधी शेजारच्या फ्रेम उघडा

सुंदर फोटो निवडून बाकीचे डिलीट करायची सवय इथे घातक. ज्या फ्रेममध्ये वस्तू दिसली तिच्या आधीच्या आणि नंतरच्या किमान तीन-तीन फ्रेम शेजारी ठेवा. अनेक फ्रेम एकत्र जोडून, म्हणजे ‘स्टॅक’ करून, केलेल्या अंतिम चित्रावर तर अजिबात विसंबू नका. स्टॅकिंगची सॉफ्टवेअर हलणाऱ्या गोष्टी ‘चुकीच्या’ समजून पुसूनच टाकतात, आणि जे उरतं ते अर्धवट असतं. सिरिलसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये फ्रेम एकामागून एक वेगाने फिरवून पाहता येतात. ही युक्ती जुनी आणि कसाला उतरलेली आहे. 1930 मध्ये अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ क्लाइड टॉमबॉने जानेवारीतल्या दोन रात्रींच्या फोटोंच्या काचपट्ट्या अशाच आलटून पालटून पाहिल्या आणि त्यात जागा बदललेला ठिपका म्हणजे प्लूटो निघाला.

आता एकच गोष्ट पाहायची: वस्तू एकाच फ्रेममध्ये आहे की अनेक? एकाच फ्रेममध्ये असेल तर उल्का, वैश्विक किरण (अवकाशातून येऊन सेन्सरवर आदळणारा कण), कीटक किंवा क्षणभर चमकलेला उपग्रह. अनेक फ्रेममध्ये असेल तर ती प्रत्येक वेळी किती सरकली आणि कोणत्या दिशेने, हे मोजायचं. पुढची सगळी कामं या एका उत्तरावर उभी आहेत.

कॅमेऱ्याच्या आतले पाहुणे

सर्वांत फसवा नमुना हॉट पिक्सेलचा. सेन्सरवरचा एखादा पिक्सेल प्रकाश नसतानाही पेटलेला असतो. मूळ फ्रेममध्ये तो जागचा हलत नाही, म्हणून कोणाच्या डोळ्यांत येत नाही. पण ट्रॅकर, म्हणजे ताऱ्यांबरोबर कॅमेरा फिरवणारं यंत्र, किंचित घसरत असेल आणि आपण सॉफ्टवेअरमध्ये तारे जुळवून घेतले, तर तारे स्थिर होतात आणि हा ठिपका सरळ रेषेत, एकसारख्या वेगाने चालू लागतो. हुबेहूब लघुग्रह! परीक्षा दोन मिनिटांची आहे. न जुळवलेल्या मूळ फ्रेममध्ये त्या ठिपक्याचे पिक्सेल निर्देशांक पाहा. सगळ्या फ्रेममध्ये तेच आकडे आले, तर तो आकाशातला नाही. झाकण लावून काढलेल्या डार्क फ्रेममध्येही तो त्याच जागी हजर असेल.

शंभर टक्के झूम करून आकारही पाहा. ताऱ्याचा प्रकाश लेन्समधून आलेला असतो, त्यामुळे तो काही पिक्सेलवर पसरतो. हॉट पिक्सेल किंवा वैश्विक किरणाचा ओरखडा लेन्समधून आलेलाच नसतो, म्हणून तो टाचणीच्या टोकासारखा धारदार दिसतो, कडेला पसरट झाक नाही. वैश्विक किरण एका फ्रेमपुरता येतो आणि जातो.

दुसरा फसवा नमुना लेन्समधल्या परावर्तनाचा. चौकटीत किंवा तिच्या कडेला चंद्र, शुक्र, गुरू, व्याध किंवा बायपासवरचा हायमास्ट असेल, तर त्याचा फिकट जुळा चौकटीच्या मध्याच्या बरोबर पलीकडे उमटतो. स्थिर ट्रायपॉडवर गुरू पश्चिमेकडे सरकतो तसा हा जुळा उलट्या दिशेला सरकतो, आणि ‘ताऱ्यांच्या विरुद्ध चालणारी वस्तू’ अशी बातमी तयार होते. फोटोची एक प्रत 180 अंश फिरवून मूळ फोटोवर ठेवा. संशयित ठिपका तेजस्वी दिव्यावर जाऊन बसला, की प्रकरण मिटलं.

हवेतले

विमानं ओळखायला सोपी: रेघेवर समान अंतरावर चमकणारे पांढरे ठिपके, शेजारी लाल-हिरवी झाक. डाव्या पंखावर लाल दिवा, उजव्यावर हिरवा, त्यामुळे दोन्ही रंग स्पष्ट आले तर विमान कोणत्या दिशेने चाललं होतं तेही सांगता येतं. इंदूरचा विमानतळ शहराच्या पश्चिमेला आहे. तिकडे कॅमेरा रोखलात तर उतरणाऱ्या विमानाचा लँडिंग लाइट बराच वेळ एकाच जागी तळपणाऱ्या ताऱ्यासारखा दिसतो. खात्री करायची तर फ्लाइटरडारवर त्या वेळची जुनी नोंद पाहता येते.

एक गैरसमज मात्र काढून टाकायला हवा. ‘वेगाने गेलं म्हणजे उपग्रह, सावकाश म्हणजे विमान’ हे खरं नाही. साडेदहा किलोमीटर उंचीवरून सेकंदाला 250 मीटर वेगाने जाणारं विमान माथ्यावर सेकंदाला सुमारे 1.4 अंश सरकतं. अंतराळ स्थानक 1 अंशाच्या आसपास, इंटरनेट पुरवणारे स्टारलिंक उपग्रह साधारण 0.8. नुसत्या वेगावरून त्यांना वेगळं काढता येत नाही. दिव्यांची उघडझाप, रंग आणि पृथ्वीची सावली (तिचं गणित पुढे येतं) यांवरूनच काढावं लागतं.

बाकीचे हवेतले पाहुणे लग्नसराई आणि सणावारांवर अवलंबून. बायपासवरच्या मॅरेज गार्डनचे फिरते झोतदिवे पातळ ढगावर गोल डाग टाकतात. तो डाग ठरावीक वेळाने त्याच वाटेने परत येतो. दिवाळीतले आकाशात सोडलेले कंदील नारिंगी असतात, वाऱ्याबरोबर एकाच दिशेला जातात आणि विझतात. संक्रांतीला दिवा बांधून उडवलेला पतंग एका भागात घुटमळतो. शहराच्या उजेडात खालून उजळलेला रातबगळा रुंद, धूसर पट्टा सोडून जातो. लेन्सजवळून गेलेल्या कीटकाचा माग लाटेसारखा दिसतो, त्या लाटा म्हणजे पंखांची फडफड.

उल्का की चमकून गेलेला उपग्रह?

उल्का एकाच फ्रेममध्ये येते. दोन्ही टोकांना निमुळती, मध्ये किंवा शेवटाकडे फुगलेली, आणि रंगीत कॅमेऱ्यात पुष्कळदा सुरुवातीला हिरवट. ती साधारण 80 ते 120 किलोमीटर उंचीवर जळते आणि क्षणार्धात संपते. सूर्यप्रकाशात क्षणभर चमकलेला उपग्रहही तशीच निमुळती रेघ सोडतो, पण त्याच सरळ रेषेत आधीच्या किंवा नंतरच्या फ्रेममध्ये फोटोची चमक वाढवली की फिकट धागा सापडतो. उल्केच्या बाबतीत शेजारची फ्रेम कोरी असते.

डिसेंबरच्या 13-14 तारखेचा मिथुन उल्कावर्षाव किंवा ऑगस्टच्या 12-13 चा ययाती उल्कावर्षाव असेल, तर रेघ मागे वाढवून पाहा. ती मिथुनेत कॅस्टर ताऱ्याजवळ किंवा ययाती तारकासमूहात जाऊन मिळाली, तर नावही मिळालं.

सावकाश जाणारा, तुकडे होत जळणारा जत्था मात्र बहुतेक वेळा उल्का नसतो. 2 एप्रिल 2022 च्या संध्याकाळी महाराष्ट्र आणि पश्चिम मध्य प्रदेशातून दिसलेला तो अग्निपट्टा चिनी रॉकेटचा परतलेला टप्पा होता. त्याचं धातूचं कडं चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीजवळ पडलं. असे अवशेष सेकंदाला सात-आठ किलोमीटर वेगाने येतात आणि बराच वेळ दिसत राहतात. मिथुन वर्षावातल्या उल्का 35 किलोमीटरने येतात.

कक्षेतले: सावलीचं गणित

उपग्रहाला स्वतःचा दिवा नसतो. तो दिसतो तो सूर्यप्रकाशात असेपर्यंत. पृथ्वीच्या सावलीत शिरला की फोटोतली रेघ मध्येच फिकट होत जाऊन संपते. ‘वस्तू हवेत विरली’ असे जे फोटो फिरतात त्यांतले बरेचसे हेच.

युरोपातल्या छायाचित्रकारांचे लेख वाचून आपल्याकडे एक समज पसरला आहे, की उन्हाळ्यात रात्रभर उपग्रह दिसतात. तिकडे ते खरं आहे. इंदूर मात्र 22.7 अंश अक्षांशावर आहे. इथे जूनच्या मध्यरात्रीही सूर्य क्षितिजाखाली जवळजवळ 44 अंश असतो आणि माथ्यावर पृथ्वीची सावली सुमारे 2,500 किलोमीटर उंचीपर्यंत पोचते. 550 किलोमीटरवरचा स्टारलिंक किंवा 420 किलोमीटरवरचं अंतराळ स्थानक त्या सावलीत पूर्ण बुडालेलं असतं. म्हणून आपल्याकडे हा नियम वर्षभर चालतो: सूर्यास्तानंतर तीन तास उलटले आणि सूर्योदयाला अजून तीन तास आहेत, अशा वेळी आकाशाच्या वरच्या अर्ध्या भागात लांब, ठळक रेघ आली, तर ती अंतराळ स्थानकाची किंवा स्टारलिंकची नाही. विमान, उल्का किंवा बऱ्याच उंच कक्षेतला उपग्रह, यांतच शोधा.

संध्याकाळच्या आणि पहाटेच्या फोटोंसाठी हेवन्स-अबव्ह किंवा स्टेलेरियमचं उपग्रह दाखवणारं प्लगइन वापरा. त्यात तुमचं ठिकाण घाला, घड्याळातला फरक वजा करून नेमकी वेळ घाला. कक्षेची माहिती फोटोच्या तारखेच्या आसपासचीच हवी, महिन्याभरापूर्वीची नको. स्टारलिंकसारखे उपग्रह आपली कक्षा सारखी बदलत असतात. रेघेची दोन्ही टोकं कोणत्या ताऱ्यांजवळ आहेत ते जुळलं पाहिजे. नुसती ‘त्या बाजूला काहीतरी गेलं होतं’ एवढी जुळणी पुरत नाही, आकाशात आता इतके उपग्रह आहेत की कोणी ना कोणी त्या बाजूला असतोच. रेघेवर ठरावीक अंतराने ठळक-फिकट असं होत असेल आणि लाल-हिरवा रंग नसेल, तर कोलांट्या खात जाणारा रॉकेटचा निकामी टप्पा असण्याची शक्यता मोठी.

मृगातली छोटी रेघ

हा नमुना जरा जवळून पाहू, कारण हिवाळ्यात मृगाचे फोटो सगळेच काढतात आणि यात सगळेच अडकतात.

समजा, 200 मिलिमीटरची लेन्स आहे, ट्रॅकर ताऱ्यांबरोबर फिरतोय, एक्स्पोजर 60 सेकंद. मृगाचा बाण आणि तेजोमेघ यांच्या मधल्या पट्ट्यात एक फिकट, आखूड रेघ आहे. पुढच्या फ्रेममध्ये ती थोडी पूर्वेला सरकलेली, पहिली रेघ संपली तिथून किंचित अंतर सोडून सुरू झालेली. त्याच्या पुढच्या फ्रेममध्ये आणखी पूर्वेला.

आधी फोटोची मोजपट्टी काढा. पिक्सेलचा आकार मायक्रोमीटरमध्ये घ्या, त्याला 206 ने गुणा, लेन्सच्या मिलिमीटरने भागा. 3.7 मायक्रोमीटरचा पिक्सेल आणि 200 मिलिमीटर म्हणजे एका पिक्सेलमागे सुमारे 3.8 आर्कसेकंद. (एका अंशात 3,600 आर्कसेकंद.) आता रेघ मोजली आणि ती 237 पिक्सेल भरली, तर लांबी 900 आर्कसेकंद, म्हणजे पाव अंश, पूर्ण चंद्राच्या निम्म्या रुंदीइतकी. 60 सेकंदांत 900, म्हणजे सेकंदाला 15.

पृथ्वीच्या फिरण्यामुळे खगोलीय विषुववृत्ताजवळचे (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या आकाशातल्या रेषेजवळचे) तारे सेकंदाला 15 आर्कसेकंदच सरकतात. म्हणजे ती वस्तू हलतच नव्हती, ट्रॅकर ताऱ्यांबरोबर पश्चिमेला चालला होता आणि ती जमिनीच्या हिशेबाने जागच्या जागी होती. ती होती भूस्थिर उपग्रह, 35,786 किलोमीटर उंचीवर. घरावरच्या डीटीएचच्या डिशा ज्यांच्याकडे तोंड करून बसलेल्या असतात त्याच जातीतला. हे उपग्रह विषुववृत्तावर असतात, पण आपण उत्तरेकडून पाहतो म्हणून इंदुरातून त्यांची माळ खगोलीय विषुववृत्ताच्या सुमारे 4 अंश दक्षिणेला दिसते, म्हणजे मृगाच्या तेजोमेघाच्या दीडेक अंश उत्तरेला. ही तपासणी उलटूनही करता येते: ट्रॅकर बंद करून एक फ्रेम घ्या. ताऱ्यांच्या रेघा येतील आणि भूस्थिर उपग्रह ठिपका राहील.

विषुवदिनांच्या मागेपुढे, मार्च आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, हे एरवी अंधुक उपग्रह एकाएकी उजळतात. त्याच दिवसांत मध्यरात्रीच्या आसपास ते तासाभरासाठी सावलीत जाऊन दिसेनासेही होतात.

तासाभराने सरकणारा ठिपका

आता उरला तो खरा रोमांचक वर्ग: रेघ नाही, ताऱ्यासारखा ठिपका, पण तासाभरात जागा बदललेली. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या मुख्य पट्ट्यातला लघुग्रह आकाशात सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला असताना तासाला साधारण 30 ते 40 आर्कसेकंद सरकतो. वरच्या मोजपट्टीने ते नऊ-दहा पिक्सेल होतात. 18 मिलिमीटरच्या किट लेन्सने मात्र हे पकडता येत नाही, तिथे एका तासाची चाल एका पिक्सेलमध्येच मावते. म्हणून या कामाला निदान 135 किंवा 200 ची लेन्स हवी, किंवा दोन लागोपाठच्या रात्रींचे फोटो.

हॉट पिक्सेलची परीक्षा झाली आहे असं धरून फोटो अ‍ॅस्ट्रोमेट्री डॉट नेटवर चढवा. ते ताऱ्यांच्या रचनेवरून फोटो आकाशात नेमका कुठे बसतो ते सांगतं. ठिपक्याचे निर्देशांक मिळाले की लघुग्रह-धूमकेतूंच्या नोंदी ठेवणाऱ्या मायनर प्लॅनेट सेंटरच्या ‘एमपी चेकर’मध्ये निर्देशांक आणि वेळ भरा. त्या भागातले ज्ञात लघुग्रह आणि धूमकेतू यादीत येतील. त्याआधी मोठे संशयित बाद करा. व्हेस्टा, सेरेस, युरेनस, नेपच्यून हे सगळे छोट्या लेन्सने सहज येतात. 2025-26 च्या हिवाळ्यात कृत्तिकांचे फोटो काढणाऱ्यांच्या चौकटीत खालच्या बाजूला जो ‘जास्तीचा तारा’ येत होता, तो युरेनस होता.

नवं काही सापडेल का? मोठमोठ्या स्वयंचलित दुर्बिणी रोज सगळं आकाश विंचरतात, त्यामुळे आशा कमी. पण सूर्याच्या जवळचा पहाटेचा पट्टा त्यांच्याही आवाक्यात पुरता येत नाही. ऑगस्ट 2023 मध्ये जपानच्या हिदेओ निशिमुरा यांनी साध्या डीएसएलआर आणि 200 मिलिमीटरच्या लेन्सने तिथेच धूमकेतू शोधला. 1949 मध्ये हार्वर्डला शिकत असलेले भारतीय खगोलशास्त्रज्ञ वेणू बाप्पू यांना आकाशाच्या फोटोत धूमकेतू सापडला होता, त्याच्या नावात त्यांचं नाव आजही आहे.

दोन गावं, एक वस्तू

वस्तू किती लांब आहे यावर वाद सुरू झाला तर सगळ्यांत पक्की परीक्षा दोन ठिकाणांची. एक मित्र इंदुरात, एक उज्जैनला, अंतर सुमारे 55 किलोमीटर. दोघांनी एकाच वेळी, आकाशाच्या एकाच भागावर कॅमेरे लावायचे. माथ्याजवळची उल्का दोन फोटोंत ताऱ्यांच्या तुलनेत जवळपास 29 अंश सरकलेली दिसेल, अंतराळ स्थानक साडेसात अंश, भूस्थिर उपग्रह फक्त 5 आर्कमिनिटं, आणि लघुग्रह आपल्या लेन्सला जाणवेल इतका हलणारच नाही. विमान तर दुसऱ्याच्या चौकटीत बहुधा असणारच नाही. सवाई जयसिंगांनी उज्जैनला वेधशाळा बांधली, तिथल्या दगडी यंत्रांशेजारी उभं राहून मोबाइलवर ‘तुझं शटर किती वाजता उघडलं?’ विचारण्यात वेगळीच मजा आहे. महूचा मित्र असेल तरी चालतं, अंतर कमी पडतं एवढंच.

कोणाला पाठवायचं, कसं पाठवायचं

व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलात तर तो आकसतो आणि त्यातली वेळेची नोंद पुसली जाते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून मूळ फाइल पाठवा, शेजारच्या फ्रेमसकट. तेजस्वी उल्केची नोंद इंटरनॅशनल मीटिऑर ऑर्गनायझेशनच्या अर्जात करता येते. लघुग्रह किंवा धूमकेतूचा संशय असेल तर किमान दोन रात्रींची मोजमापं जमवा आणि मगच मायनर प्लॅनेट सेंटरकडे वळा, एका रात्रीच्या एका फ्रेमला तिथे कोणी विचारत नाही.

आणि तारीख लिहिताना जागे राहा. सगळीकडे जागतिक वेळ लागते, आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा करून. पहाटे साडेपाचच्या आधी काढलेल्या फोटोची तारीखच मागे जाते: 14 डिसेंबरच्या पहाटे 3:40 चा फोटो म्हणजे 13 डिसेंबर, 22:10. लघुग्रहांच्या नोंदीत हेच दशांशात लिहितात, 13.92361.